रामनगर : राज्य गेलं, रात्र राहिली

वाराणसीला बदली झाल्याचं गावी कळवलं की पहिला निरोप ठरलेला असतो, "येताना गंगा घेऊन या." दुसरा निरोप मित्रांचा, "तिकडची पहाट लई भारी असते म्हणे." बनारसची सकाळ सगळ्यांना ऐकून माहीत आहे. रात्रीबद्दल फारसं कोणी विचारत नाही. म्हणून या पोस्टिंगवरचा लेख रात्रीवर लिहितोय, आणि तीही घाटांवरची नाही, समोरच्या काठावरच्या रामनगरची.

घाटांवर मराठी माणसाला परकं वाटतच नाही. अहिल्याबाई घाट, भोसले घाट, सिंधिया घाट ही नावं वाचत वाचत चालावं. विश्वनाथाचं मंदिर १७८० मध्ये अहिल्याबाईंनी पुन्हा उभं केलं. ब्रह्मा घाट आणि दुर्गा घाटाच्या गल्ल्यांत आजही मराठी आडनावांच्या पाट्या दिसतात. नाथांनी आपलं भागवत १५७३ मध्ये याच काशीत पुरं केलं. त्याच्या पुढच्याच वर्षी तुलसीदासांनी रामचरितमानस लिहायला घेतलं. संस्कृतच्या गावात दोन माणसं लोकांच्या भाषेत देव आणत होती, हे मला फार भावतं.

पण गंगा ओलांडली की आपली ओळखीची नावं संपतात. छावणीतून निघून लंका, सामनेघाट करत पूल ओलांडायचा, की समोर चुनारच्या दगडाचा किल्ला पाण्यातून वर आलेला दिसतो. काशीच्या राजांचं हे ठाणं. बलवंतसिंह नावाच्या राजानं १७५० च्या सुमारास ते बांधलं. किल्ल्यात जुन्या मोटारी, पालख्या, तलवारी-बंदुका यांचं संग्रहालय आहे. बाजारात कुल्हडमधली, वर मलईचा थर असलेली लस्सी मिळते. एका अरुंद गल्लीत लालबहादूर शास्त्रींचं घर आहे. 'जय जवान' म्हणणाऱ्या माणसाचं घर किती लहान होतं हे प्रत्येक फौजीनं एकदा बघावं. एरवी रात्री नऊला इथली शटर खाली येतात. नाइटलाइफ शोधायला आलेली आमची तरुण पोरं अर्ध्या तासात पूल ओलांडून अस्सीला परत जातात.

वर्षातला एक महिना मात्र हे गाव वेगळंच असतं. आपल्याकडे ज्या दिवशी गणपती जातात, त्या अनंत चतुर्दशीला रामनगरात रावणाचा जन्म होतो. तिथून एकतीस दिवस रामलीला चालते आणि कोजागरीच्या आसपास संपते. माईक नाही, विजेचे दिवे नाहीत, एक कायमचा रंगमंच नाही. तरी रोज हजारो माणसं येतात. हे असं का झालं आणि अजून का टिकलं, याचं उत्तर मला धर्माच्या पुस्तकाआधी लढाईच्या इतिहासात सापडलं.

१७८१ चा ऑगस्ट

बलवंतसिंहाचा मुलगा चेतसिंह. १७७५ मध्ये अवधच्या नवाबानं बनारसवरचा आपला हक्क कंपनी सरकारला देऊन टाकला. राजा तोच, महसूल ठरलेला, पण वरचा धनी बदलला. १७७८ मध्ये फ्रेंचांशी युद्ध लागलं म्हणून वॉरन हेस्टिंग्जनं वर्षाला पाच लाख रुपये जादा मागितले. पुढे घोडदळही मागितलं. त्या वर्षांत कंपनी दक्षिणेत हैदरशी आणि पश्चिमेकडे आपल्या मराठ्यांशी लढत होती, तिजोरी रिकामी होत होती. म्हणजे रामनगरवर पडलेल्या ओझ्यात आपल्याशी चाललेल्या लढाईचा खर्चही होता.

चेतसिंह टाळाटाळ करत राहिला. हेस्टिंग्ज स्वतः बनारसला आला आणि १६ ऑगस्ट १७८१ ला त्यानं राजाला शिवाला घाटावरच्या त्याच्याच वाड्यात कैदेत ठेवलं. पहारा शिपायांच्या दोन कंपन्यांचा. या पहाऱ्याकडे दारूगोळाच नव्हता. रामनगरहून हत्यारबंद माणसं होड्यांनी नदी पार करून आली, वाड्याला वेढा पडला आणि पहाऱ्यावरचे इंग्रज अधिकारी आणि बहुतेक शिपाई कापले गेले. गोंधळात चेतसिंह पागोट्यांच्या गाठी मारून केलेल्या दोरावरून खाली उतरला आणि होडीनं रामनगरला पोचला.

चार दिवसांनी, २० ऑगस्टला, कॅप्टन मेफर नावाच्या अधिकाऱ्यानं रामनगरवर चढाई केली. तोफा मोकळ्या जागेत लावून मागून येणाऱ्या कुमकेची वाट बघणं शक्य होतं. त्यानं तसं केलं नाही. तुकडी थेट गावाच्या गल्ल्यांत घातली. आज त्या गल्ल्यांतून चाललं तरी कळतं की दोन माणसं शेजारी शेजारी बंदूक उचलू शकणार नाहीत. वरून, खिडक्यांतून, कोपऱ्यांतून मारा झाला. कॅप्टन स्वतः पडला, त्याची बरीच माणसं पडली. वस्तीतली लढाई हा विषय आपण आज वेगळा कोर्स म्हणून शिकतो. रामनगरनं तो धडा अडीचशे वर्षांपूर्वी देऊन ठेवलाय.

दुसऱ्या रात्री हेस्टिंग्ज अंधारात बनारस सोडून चुनारच्या किल्ल्याकडे पळाला. घाईत घोड्यावर हौदा आणि हत्तीवर खोगीर चढवलं गेलं, अशी थट्टा बनारसची माणसं आजही करतात.

पण थट्टेनं राज्य परत येत नाही. मेजर पॉपहॅमनं महिन्याभरात राजाची ठाणी एकेक करून घेतली. हा पॉपहॅम आपल्याला माहीत असायला हवा. ऑगस्ट १७८० मध्ये रात्री शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांकडून घेणारा तोच. चेतसिंहानं शेवटी आसरा घेतला तो महादजी शिंद्यांचा. ग्वाल्हेर पुन्हा शिंद्यांच्या हाती आलं आणि तिथंच १८१० मध्ये चेतसिंह वारला. काशीचा राजा मराठ्यांच्या आश्रयाला मेला, हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत कुठं वाचल्याचं आठवत नाही.

राजाच्या हातात काय उरलं

कंपनीनं बलवंतसिंहाच्या मुलीचा मुलगा महीपनारायणसिंह याला गादीवर बसवलं. महसूल वाढून चाळीस लाख झाला. न्यायदानाचा अधिकार गेला. टांकसाळ गेली. १७९४ च्या करारानं बहुतेक मुलखाचा कारभारही कंपनीकडे गेला, फक्त घराण्याचे खासगी परगणे राहिले. त्यानंतरचा राजा उदितनारायणसिंह १८३५ पर्यंत गादीवर होता. त्याच्याकडे पदवी होती, हत्ती होते, किल्ला होता. हुकूम चालवायला मुलूख मात्र फारसा नव्हता.

याच उदितनारायणसिंहानं रामलीलेला आजचा थाट दिला. त्याचा दत्तक मुलगा ईश्वरीप्रसादनारायणसिंह यानं विद्वानांना बसवून संवाद लिहून घेतले, घटनांच्या जागा पक्क्या केल्या. बनारसच्या टांकसाळीत १८२० ते १८३० नोकरी केलेल्या जेम्स प्रिन्सेप या इंग्रजानं बनारसची चित्रं काढून छापली, त्यात या रामलीलेचीही नोंद आहे. गंमत बघा, टांकसाळ राजाच्या हातून गेली आणि राजानं त्याऐवजी काय उभं केलं याची नोंद त्याच टांकसाळीच्या माणसानं ठेवली.

राजानं सगळं गावच नकाशासारखं मांडलं. किल्ल्याजवळ अयोध्या. पलीकडे जनकपूर. मग चित्रकूट, पंचवटी, अशोकवाटिका, आणि गावाबाहेरच्या मोठ्या मैदानात लंका. रामबागेचं तळं पहिल्या रात्री क्षीरसागर होतं. लीला एका जागी बसून बघायची सोय नाही. राम वनवासाला निघाला की माणसं त्याच्यामागे चालू लागतात. एका महिन्यात प्रेक्षकाची चांगली पायपीट होते.

मला वाटतं राजकारण इथंच आहे. ज्या राजाला आपल्या मुलखात फौज फिरवता येत नव्हती, तो वर्षातला एक महिना रोज संध्याकाळी हत्तीवर बसून अयोध्येपासून लंकेपर्यंत फिरत होता. त्याची स्वारी पोचल्याशिवाय लीला सुरू होत नसे, आणि लोक त्याला बघून 'हर हर महादेव' म्हणत. काशीचा राजा म्हणजे विश्वनाथाचा प्रतिनिधी ही भावना होती. रामासाठी जयघोष वेगळा आणि राजासाठी वेगळा. तिथला इंग्रज रेसिडेंट महसुलाचा हिशेब ठेवत होता. रात्रीचा हिशेब त्याच्या वहीत नव्हता.

आणि हा राजा स्वतःला राम म्हणवून घेत नव्हता, हेही ध्यानात घ्या. राज्याभिषेकाच्या दिवशी तो अनवाणी चालत येतो. शेवटी राम-लक्ष्मण-सीता झालेल्या पोरांना किल्ल्यात बोलावून जेवायला घालतो, दक्षिणा देऊन निरोप देतो. विजयादशमीला किल्ल्यात शस्त्रपूजा होते, स्वारी लंकेच्या मैदानात जाते, पण रावण पडताना महाराज थांबत नाहीत. राजानं राजाचा वध बघू नये अशी रीत आहे. ज्या घराण्यानं १७८१ बघितलं, त्याच्याकडे ही रीत असावी यात मला नवल वाटत नाही.

'सावधान'

आता प्रत्यक्ष रात्र कशी असते ते सांगतो.

आमच्या युनिटमध्ये शेजारच्या चंदौली जिल्ह्यातला एक नायक होता. त्याचे आजोबा या लीलेचे 'नेमी'. नेमी म्हणजे नेम धरलेला माणूस, एकही दिवस न चुकवणारा. आपल्या वारकऱ्यासारखाच. हे नेमी ओळखू येतात. पांढरं धोतर, हातात काठी, कानात अत्तराचा फाया, बगलेत मानसची छोटी पोथी आणि पोथी वाचायला टॉर्च. आउटपास मिळाला त्या संध्याकाळी नायक म्हणाला, "उस्ताद, मोबाइल खिशात ठेवा. दादाजी बघतील तर मला बोलतील."

पाचच्या सुमारास लीला सुरू होते. मध्ये संध्येसाठी विश्रांती. महाराज संध्येला जातात तेवढ्यात मैदानात जत्रा भरते, चणे, जिलबी, खेळणी, पान. मग अंधार पडतो आणि गॅसबत्त्या नि मशाली पेटतात. आपल्या गावाकडे यात्रेत पूर्वी डोक्यावर गॅसबत्ती घेऊन माणूस चालायचा, तोच उजेड, तोच सूं आवाज. चाळिशीच्या पुढच्या वाचकांना सांगायला नको.

एका बाजूला जमिनीवर बारा रामायणी गोल करून बसलेले असतात. मृदंग आणि झांज एवढीच साथ. ते मानस गातात, आणि गातात म्हणजे नाट्यगीतासारखं नाही. चौपाई एका गटानं उचलायची, दुसऱ्यानं झेलायची, सूर उंच आणि सरळ, शब्द स्पष्ट. या गायकीला नारदवाणी म्हणतात. ऐकताना आपल्याकडचं जुन्या वळणाचं पंचपदीचं भजन आठवतं. शोभा करायची नाही, शब्द पोचवायचा. संपूर्ण मानस या गायनात पुरं व्हायला हवं, म्हणून त्यांचं वाचन लीलेच्या आधी दहा दिवसच सुरू झालेलं असतं. तेव्हा ऐकायला जवळपास कोणी नसतं. तरी एक ओळ गाळत नाहीत.

गाणं थांबतं आणि व्यास, म्हणजे हातात संवादाची वही घेतलेला सूत्रधार, ओरडतो, "चुप रहो! सावधान!"

मी मैदानाच्या मागच्या बाजूला होतो. 'सावधान' ऐकलं आणि टाचा आपोआप जुळल्या. शेजारी उभ्या नायकाच्याही. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि हसू दाबलं. पण पुढच्या क्षणी हसू गेलं, कारण हजारो माणसांचं ते मैदान खरंच गप्प झालं होतं. पोरं गप्प, फेरीवाले गप्प. लांबवर दहा-बारा वर्षांचा राम उभा राहून एकेक शब्द लांबवत संवाद म्हणत होता आणि तो आवाज आमच्यापर्यंत येत होता. माईक नसल्याचा अर्थ मला तेव्हा कळला. माईक असता तर तो पोरगा सगळ्यांवर ओरडला असता. माईक नाही म्हणून सगळे त्याच्यासाठी थांबले.

परेडवर शांतता हुकुमानं येते, शिक्षेची भीती पाठीशी असते. इथं शिक्षा करणारं कोणी नव्हतं. दादाजींना मी नंतर विचारलं, "चाचा, रोज तेच संवाद, तुम्हाला तर पाठ असतील?" ते म्हणाले, "अरे फौजी भइया, तुम लोग भी तो रोज वही परेड करते हो." यावर मी काय बोलणार?

रोजच्या लीलेचा शेवट आरतीनं. आरतीच्या वेळी महताबी पेटवतात, पांढरा-लाल लख्ख उजेड दोन-तीन मिनिटं पडतो आणि पोरांचे मुकुट घातलेले चेहरे एकदम दिसतात, मग पुन्हा काळोख. राज्याभिषेकानंतरची आरती मात्र पहाटे होते, 'भोर की आरती'. त्या रात्री गाव झोपत नाही. बनारसहून माणसं अंधारातच येतात. आपण कोजागरीला 'कोण जागं आहे' हे विचारणाऱ्या लक्ष्मीची गोष्ट सांगतो. रामनगरात त्याच दिवसांत हजारो माणसं जागून तिला उत्तर देतात.

दुसरी रात्र, दुसरा सूर

एवढंच लिहून थांबलो तर चित्र अर्धं राहील. ही रात्र राजानं उभी केलेली आहे. राम-सीता होणारी मुलं ब्राह्मण घरांतली निवडतात, ही रीत अजून आहे. पण मशाली धरणारे, पुतळे वाहणारे, वाट काढणारे हात सगळ्या जातींचे. रावणाचे आणि राक्षसांचे प्रचंड पुतळे बांधणारे कारागीर मुसलमान घराण्यातले आहेत, पिढ्यान्‌पिढ्या. पडद्यामागच्या माणसांना स्वतःची रात्र नाही का? आहे. तिचं नाव बिरहा.

बिरहा मूळचा गुराख्यांचा. रानात गुरं वळताना कानावर हात ठेवून लांब सूर लावायचा, तो 'खडी बिरहा'. गाजीपूर जिल्ह्यातून बनारसला आलेल्या बिहारीलाल यादव यांनी त्याला आजचं रूप दिलं असं मानतात. गवयी त्यांना बिहारी गुरू म्हणतात. शेतातून आणि गोठ्यातून शहरात आलेल्या मजुरांनी हे गाणं वाढवलं. हातात लोखंडी करताल, जोडीला ढोलक आणि हार्मोनियम. गवयांचे आखाडे असतात, गुरूचं नाव गाण्यात घ्यावंच लागतं. दंगलीच्या रात्री दोन पार्ट्या समोरासमोर दोन मंचांवर बसतात आणि उजाडेपर्यंत एकमेकांना तोड देतात.

हे वाचून तुम्हाला काय आठवलं ते मला माहीत आहे. कलगी-तुरा. शक्तीच्या बाजूनं कलगी, शिवाच्या बाजूनं तुरा, डफावर थाप आणि रात्रभर सवाल-जवाब. हे नुसतं साम्य नाही, जुनं येणंजाणंही आहे. आपली लावणी आणि हे तुरा-कलगीचे आखाडे उत्तरेत पसरले होते. काशीतच राहिलेल्या भारतेंदु हरिश्चंद्रांनी हिंदीत लावण्या लिहिल्या आहेत, आणि रामलीलेच्या संवादांवर हात फिरवणाऱ्यांत त्यांचंही नाव घेतात. आपलं गाणं गंगेपर्यंत गेलं होतं ते असं, घाट बांधणाऱ्यांच्या मागोमाग, पण त्यांच्याइतका गाजावाजा न करता.

रामनगरच्या बाहेर एका खेड्यात देवळाच्या वार्षिक शृंगाराला बिरहा ऐकला. शृंगार म्हणजे देवाची सजावट आणि त्यानिमित्तानं रात्रभर गाणं. पहिल्या पार्टीनं रामायणातला प्रसंग लावला. दुसऱ्या पार्टीच्या गवयानं मंडपात एक नजर फिरवली, केस बारीक कापलेले आम्ही तिघं-चौघं त्याला दिसलो असणार, आणि त्यानं अब्दुल हमीद लावला. गाजीपूरच्या धामूपूरचे, चौथ्या ग्रेनेडियर्सचे परमवीर अब्दुल हमीद. सप्टेंबर १९६५, खेमकरण, जीपवरची तोफ, समोर पॅटन रणगाडे. आपण ही लढाई वर्गात नकाशावर शिकलो. तिथं ती एका गवयानं करतालच्या ठेक्यावर सांगितली. जीप उसात कशी वळली, आधीचा रणगाडा कसा पेटला, घरी बायकोला काय सांगून निघाला होता. एकेका रणगाड्यागणिक मंडपातून आरोळी उठत होती. म्हाताऱ्या बाया पदरानं डोळे पुसत होत्या. ते युद्ध चालू असताना पंतप्रधान होते शास्त्रीजी, ज्यांचं लहानसं घर तिथून हाकेच्या अंतरावर आहे. दिल्लीच्या कुठल्याही स्मारकापेक्षा त्या रात्री मला १९६५ जवळ वाटलं.

राजाच्या रात्रीला युनेस्कोनं मान दिला. २००५ मध्ये घोषणा आणि २००८ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद, त्यात रामनगरचा खास उल्लेख. बिरहालाही थोडाफार मान मिळाला. हीरालाल यादव यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. पण बिरह्यामागं कुठला किल्ला नाही. जिथं बिरहा असायचा तिथं आता शृंगाराला डीजे लागतो. नायक सांगत होता, पार्टी बोलवायला वर्गणी जमत नाही, डीजेला जमते.

टिकतं ते कशावर

१९४९ मध्ये बनारस संस्थान भारतात विलीन झालं. १९७१ मध्ये राजांच्या पदव्या आणि तनखे रद्द झाले. म्हणजे १७८१ मध्ये सुरू झालेलं काढून घेणं तिथं पूर्ण झालं. लीला थांबली नाही. शेवटचे राजे विभूतिनारायणसिंह २००० साली वारले, लोक त्यांना शेवटपर्यंत काशीनरेशच म्हणत. आज त्यांचे पुत्र हत्तीवर येतात आणि खर्चाला सरकारी अनुदानाचा हात लागतो. महामारीच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, लीला झाली नाही. २०२२ मध्ये पुन्हा उभी राहिली तेव्हा गॅसबत्त्याच पेटल्या, दिव्यांचे खांब आले नाहीत.

नुसता राजा म्हणून टिकली म्हणावं, तर संस्थानं शेकडो होती आणि त्यांचे उत्सव आज फोटोंत उरलेत. नुसता धर्म म्हणून म्हणावं, तर रामलीला उत्तरेत गावोगाव आहेत आणि बहुतेक ठिकाणी आता स्पीकरच्या भिंती आहेत. माझं मत असं की रामनगर टिकलं ते नियमांवर, आणि नियम टिकले ते नेमींवर. जागा ठरलेली, वेळ ठरलेली, उजेड ठरलेला, गाळायचं काही नाही. आणि हे सगळं दरवर्षी बघायला येणारी माणसं इतकी जाणती की एक ओळ चुकली तर पोथीतून मान वर होते. जाणता प्रेक्षक असला की कलाकाराला सूट घेता येत नाही. पलटणीची परंपराही अशीच राहते. सीओ दोन-तीन वर्षांनी बदलतात, पण रीत सांभाळतात ते जुने सुभेदार आणि हवालदार.

हे आपल्याशी थेट संबंधित आहे. या ब्लॉगचे बरेच वाचक पेन्शनीत गावी आहेत. गावात तुमच्या शब्दाला वजन आहे. उत्सवाच्या बैठकीत तुम्हाला पुढं बसवतात आणि वर्गणीची पहिली पावती तुमच्या नावानं फाडतात. कोकणात दशावतार आहे, देशावर भजनी मंडळं आहेत, गोंधळी आहेत, कुठं कुठं नवरात्राच्या शेवटी ललित होतं, कलगी-तुऱ्याचे फड अजून आहेत. त्यांना पैसे कमी पडतात हे खरं, पण त्याहून कमी पडतात ती समोर बसणारी माणसं. मृदंगवाला म्हातारा झालाय आणि समोर चारच डोकी आहेत, त्यातली दोन डुलतायत, हे चित्र तुम्हीही बघितलं असेल.

रामनगरच्या राजाकडून महसूल, न्याय, नाणी, फौज सगळं काढून घेतलं गेलं. जे उरलं ते रोज संध्याकाळी वेळेवर हजर होणाऱ्या माणसांनी उरवलं. हजर राहणं ही गोष्ट आपल्याला कोणी शिकवायला नको. पंधरा-वीस वर्षं आपण तेवढंच केलं, बर्फात नि वाळवंटात, कोणी बघत नसताना. आता गावच्या पारावर भजन असेल त्या रात्री जाऊन बसा. सोबत नातवाला न्या. शेवटच्या आरतीपर्यंत उठू नका.